झाकलेले यंत्र आणि अनुमानाचे प्रामाण्य

एखादे ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरते, या एका प्रश्नावर भारतीय दर्शनांत शतकानुशतके खल झाला आणि त्यातून प्रामाण्यवाद नावाचे एक स्वतंत्र प्रकरणच उभे राहिले. प्रामाण्य म्हणजे ज्ञानाची यथार्थता, म्हणजे वस्तू जशी आहे तशीच ती कळलेली असणे. सातव्या शतकातील कुमारिल भट्टांची परंपरा सांगणारे मीमांसक म्हणतात की ज्ञान उपजतानाच प्रमाण म्हणून उपजते, त्यावर विसंबण्यासाठी दुसऱ्या कशाची साक्ष काढावी लागत नाही आणि ते अप्रमाण ठरते ते मागाहून त्याच्याविरुद्ध जाणारे ज्ञान झाले किंवा ज्ञानाच्या साधनातच दोष आढळला तर. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिकांचे मत याच्या उलट आहे. त्यांच्या मते ज्ञान झाले एवढ्याने ते खरे ठरत नाही; त्या ज्ञानाला धरून माणूस काही करायला गेला आणि ते तडीस गेले, म्हणजे मगच त्याचे प्रामाण्य कळते. हे परतःप्रामाण्य होय, आणि वात्स्यायनांच्या न्यायभाष्याचा प्रारंभच ज्ञान व प्रवृत्तीचे साफल्य यांच्या या संबंधापासून होतो.

या वादातील नेहमीचे दाखले दुरून दिसणारे पाणी, डोंगरावरचा धूर, अंधारातील दोरी असे आहेत. त्या सर्वांत पडताळा स्वस्त आहे, कारण चार पावले पुढे गेले की पाणी आहे की मृगजळ आहे ते कळते. पडताळ्यासाठी दोन दिवसांची अंगमेहनत लागत असेल, ज्ञेय वस्तू लोखंडी कवचात बंद असेल आणि ती उघडण्याच्या कृतीतच पुराव्याचा काही भाग नाहीसा होत असेल, तर हा प्रश्न किती जड होतो हे जुन्या दाखल्यांतून पुरेसे दिसत नाही. ते दिसते अशा कामांत, जिथे साध्या माणसाला स्वतःच्या हाताने झाकलेले यंत्र उघडावे लागते, आणि आडरानात चालणाऱ्या जीपचा क्लच व गिअरबॉक्स घरच्या घरी दुरुस्त करणे हे अशा कामांचे फार बोलके उदाहरण आहे.

ज्या गाडीवरून 'जीप' हे नाव जगभर रूढ झाले ती विलीज कंपनीची एमबी गाडी दुसऱ्या महायुद्धात तयार झाली आणि तिची युद्धोत्तर नागरी रूपे पुढे मुंबईत महिंद्र कंपनीनेही दीर्घकाळ बनवली, त्यामुळे महाराष्ट्रातील शेतरस्ते आणि घाटवाटा या यंत्ररचनेला परक्या नाहीत. तिची रचना थोडक्यात अशी. इंजिनच्या मागे फ्लायव्हील नावाचे जड चाक फिरते. त्याच्यावर घर्षणाचे अस्तर लावलेली क्लच प्लेट टेकलेली असते आणि तिला मागून प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या जोराने दाबून धरते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर रेटले जाते, दाब सुटतो, आणि इंजिन फिरत असतानाही गिअरबॉक्सकडे जाणारा दांडा, ज्याला इनपुट शाफ्ट म्हणतात, मोकळा होतो. या दांड्याचे पुढचे टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकातील पायलट बुश नावाच्या छोट्या धातूच्या नळीत टेकलेले असते. नागरी जीपच्या टी-९० गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याचे तीन गिअर असतात आणि त्याच्या पाठीला ट्रान्स्फर केस थेट बोल्टांनी जोडलेली असते. ती पुढच्या व मागच्या चाकांना शक्ती वाटून देते आणि खालच्या टप्प्यात वेग २.४६ पट घटवून तेवढीच ओढ वाढवते. यातला एकही भाग बाहेरून दिसत नाही. दिसते ते पेडल, ऐकू येतो तो आवाज आणि नाकाला येतो तो जळकट वास. म्हणजे बिघाडाबद्दल जे काही कळायचे ते अनुमानानेच.

न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला शेषवत् म्हणतात, आणि दुरुस्ती करणाऱ्याचे सगळे अनुमान या जातीचे असते. इंजिन ओरडते पण गाडी पळत नाही, यावरून क्लच घसरतो आहे असे तो ठरवतो. पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकताना दात करकरतात, यावरून क्लच पुरता सुटत नाही असे ठरवतो. पण कार्य एक आणि कारणे अनेक असू शकतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. घसरण अस्तर झिजल्याने होते, स्प्रिंग मऊ पडल्याने होते, अस्तरावर तेल आल्याने होते, आणि पेडलची मोकळी चाल, म्हणजे बेअरिंग बोटांना टेकण्यापूर्वीचा सुमारे एक इंचाचा फ्री प्ले, संपल्यामुळेही होते. पहिल्या तीन कारणांसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो; चौथ्यासाठी पाना घेऊन एक नट फिरवला की काम होते. तसेच क्लच न सुटणे हे फ्री प्ले फार वाढल्यानेही घडते, आणि ओढा ओलांडून आलेली गाडी बरेच दिवस उभी राहिल्याने प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली तरीही घडते.

अशा वेळी कारणे वेगळी करण्याची जी रीत आहे तिला शास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणतात: एक असताना दुसरे असणे हा अन्वय आणि एक नसताना दुसरे नसणे हा व्यतिरेक. आवाजाची परीक्षा हे त्याचे अत्यंत स्वच्छ रूप आहे. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये आणि पाय पेडलवरून काढलेला, अशा स्थितीत घरघर येत असेल आणि पेडल पूर्ण दाबताच ती थांबत असेल, तर दोष अशा भागात आहे जो पेडल दाबल्यावर फिरायचा थांबतो. उलट पेडलवर पायाचा भार पडताच चिरका आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंगवर संशय जातो. आणि पेडल दाबून गिअर टाकल्यावरच आवाज येत असेल तर पायलट बुशकडे लक्ष जाते, कारण क्रँकशाफ्ट फिरतो आहे आणि त्याच्यात टेकलेला इनपुट शाफ्ट थांबला आहे अशी स्थिती तेव्हाच असते. क्लच पकडलेला असताना दोघे एकत्रच फिरतात आणि बुशला घासायला काही उरत नाही. आत डोकावून न पाहता, केवळ पाय वर-खाली करून एवढे ज्ञान मिळते, हे अनुमानाच्या सामर्थ्याचे दर्शन आहे आणि ते पहिल्यांदा घडते तेव्हा माणसाला खरोखर आनंद होतो.

मात्र या सामर्थ्याला मर्यादा आहे आणि तीही न्यायशास्त्राने नेमकी दाखवली आहे. हेतू, म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान करायचे ती, आणि साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, यांच्या अटळ साहचर्याला व्याप्ती म्हणतात, आणि जी व्याप्ती खरी भासते पण मध्ये लपलेल्या तिसऱ्या अटीवर अवलंबून असते तिथे ती अट म्हणजे उपाधी होय. अग्नी आहे म्हणून धूर आहे, हे अनुमान चुकते, कारण धूर निघण्यासाठी ओले इंधन लागते. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. क्लचच्या परीक्षेतही उपाध्या दडलेल्या असतात. पेडल दाबल्याने केवळ बेअरिंग कामाला लागते असे नाही. त्याच दाबाने क्रँकशाफ्ट पुढे रेटला जातो, आणि इंजिनातील थ्रस्ट वॉशर झिजलेला असेल तर आवाज तिथून येऊ शकतो. पेडल दाबल्यावर थांबणारी घरघर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची असेल, तशीच ती गिअरबॉक्सच्या तळाशी फिरणाऱ्या काउंटरशाफ्टची, त्याच्या सुईसारख्या बारीक रोलरांचीही असेल, कारण दोन्ही एकदमच थांबतात. अनुमान येथे एका गटापर्यंत नेऊन सोडते; गटातील नेमका दोषी दाखवत नाही. भीमाचार्य झळकीकरांनी रचलेल्या न्यायकोशात उपाधीच्या लक्षणांवर जी बारीक चिकित्सा एकत्र केलेली आढळते, ती कोरडी शब्दक्रीडा आहे असा समज असणाऱ्याने एकदा गाडीखाली झोपून हा गट फोडण्याचा प्रयत्न करावा.

अनुमान असे डळमळीत असेल तर ते सोडूनच द्यावे, प्रत्यक्ष हेच एक प्रमाण मानावे, असे चार्वाकांचे म्हणणे होते. त्यांचा आक्षेप क्षुल्लक नाही, कारण सर्व काळांतील आणि सर्व स्थळांतील उदाहरणे तपासल्याशिवाय व्याप्ती निश्चित झाली असे कोणी म्हणावे? पण चार्वाकाचे मत यंत्रावर लावले तर प्रत्येक आवाजासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि उतरवण्याचा निर्णयही 'आवाज आहे म्हणजे आत काही बिघडले आहे' अशा अनुमानाखेरीज घेता येणार नाही. दहाव्या-अकराव्या शतकातील उदयनाचार्यांनी याला जे उत्तर दिले ते व्यवहारातूनच दिले आहे: शंका जरूर घ्यावी, पण जिथे ती शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी विसंगत होते तिथे तिची हद्द संपते. धूर हवा म्हणून जो आग पेटवतो त्याने आग व धूर यांच्या संबंधावर तत्त्वतः शंका घेण्यात अर्थ नाही. ज्याने बोल्टावर पाना लावला त्याने कार्यकारणभाव मान्य केलाच आहे. आता त्याने तो नीट मान्य करावा एवढेच उरते.

अनुमानाच्या जोडीला शब्दप्रमाण येते, म्हणजे विश्वसनीय माणसाचे वचन. असा वक्ता म्हणजे आप्त, आणि ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान आहे व जसे कळले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, असे वात्स्यायन सांगतात. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते हे त्यांनी मुद्दाम नोंदवले आहे. एका प्राचीन भाष्यकाराने जातिकुळाचा विचार बाजूला ठेवून ज्ञान आणि सचोटी एवढ्याच दोन अटी ठेवाव्यात, ही फार मोठी गोष्ट आहे. अमेरिकेच्या युद्धखात्याने १९४४ साली मूळ एमबी गाडीच्या शक्तिवाहक भागांसाठी छापलेली टीएम ९-१८०३बी ही पुस्तिका या लक्षणाने आप्तवचन ठरते, आणि तालुक्याच्या गावी तीस वर्षे गिअरबॉक्स उघडत आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मिस्त्रीचा शब्दही तितकाच आप्तवचन ठरतो. कधीकधी मिस्त्रीचा शब्द अधिक हाताशी येतो, कारण छापील वचनाला काळाची मर्यादा असते: त्या पुस्तिकेनंतर बाजारात आलेल्या जीएल-५ दर्जाच्या काही तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये सिंक्रोनायझरच्या पितळी कड्यांना बाधतात, आणि १९४४ च्या पुस्तिकेला हे ठाऊक असणे शक्यच नव्हते.

येथे एक आक्षेप साहजिक आहे. न्यायदर्शनाचे पहिले सूत्र तत्त्वज्ञानाचे फळ म्हणून निःश्रेयस, म्हणजे परम कल्याण सांगते. अशा मोक्षशास्त्राला क्लच प्लेटच्या पातळीवर आणणे हा त्याचा अधिक्षेप नव्हे काय? याचे उत्तर त्या दर्शनातच आहे. वेदाचे प्रामाण्य सिद्ध करताना न्यायसूत्रकार मंत्र आणि आयुर्वेद यांच्या प्रामाण्याचा दाखला देतात: औषध सांगितल्याप्रमाणे गुण देते, हे इथेच, डोळ्यांदेखत पडताळता येते, म्हणून ते सांगणारा आप्त ठरतो, आणि दृष्ट विषयांत जो विश्वसनीय ठरला त्याचे अदृष्टाविषयीचे वचनही स्वीकारता येते. युक्तिवादाची दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. येथे धर्मग्रंथाच्या अधिकाराने वैद्याचे कसब खरे ठरत नाही, तर वैद्याच्या कसबाच्या खरेपणावर धर्मग्रंथाच्या अधिकाराचा युक्तिवाद उभा राहतो. मीमांसकांना ही दिशा मान्य होणार नाही आणि श्रद्धाळू वाचकालाही ती खटकेल, तरी ज्या परंपरेने परमार्थाचा पुरावा हातच्या कामातून मागितला तिच्या दृष्टीने यंत्रदुरुस्ती हा परका विषय असू शकत नाही. पुस्तिकेतील एखादे माप बाहेरून तपासून खरे आढळले म्हणून आतील, अजून न पाहिलेल्या भागांविषयीच्या तिच्या वचनांवर माणूस विसंबतो. विश्वासाची ही वाट सूत्रकारांनी दाखवलेलीच आहे.

आता प्रत्यक्षाची वेळ येते. गाडी भक्कम घोड्यांवर टेकवली जाते, कारण केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली जाणे म्हणजे न तपासलेल्या ज्ञानावर जीव टांगणे होय. दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडवले जातात, इंजिनाला मागून आधार दिला जातो, आडवा क्रॉसमेंबर निघतो आणि गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस यांचा जोड, जो एकट्याने पेलू नये इतका जड असतो, मागे सरकवून खाली घेतला जातो. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून आतली धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी लागते. मग जुनी प्लेट हातात येते आणि ती वाचायची असते. अस्तर रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत उतरले असेल तर झीज. अस्तर जाड पण काचेसारखे चकचकीत आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग असतील तर चिखलात किंवा चढावर अर्धा क्लच धरून गाडी रेटल्याची उष्णता. मध्यभागाकडून कडेला पसरलेले काळे ओघळ असतील तर तेल. ते तेल इंजिनचे की गिअरबॉक्सचे हे कोणत्या बाजूला ओल अधिक आहे यावरून आणि वासावरून कळते, कारण गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो. ज्याने यातले काही पूर्वी पाहिलेले नाही, केवळ वर्णन ऐकले आहे, त्याला वस्तू समोर येताच 'हीच ती' असे जे कळते त्याला नैयायिक उपमान म्हणतात. गाईसारखा असतो असे ऐकून गेलेल्या माणसाने अरण्यात गवय ओळखावा, हा त्यांचा दाखला. चारही प्रमाणे अशी एका कामात, एकाच माणसाच्या हाताखाली क्वचितच एकत्र येतात.

तरीही सर्वांत कठीण प्रश्न यानंतरच उभा राहतो. नवी प्लेट बसवली, गाडी सुरळीत चालू लागली, घसरण थांबली. नैयायिकांच्या म्हणण्याप्रमाणे प्रवृत्ती सफल झाली. मग 'अस्तर झिजले होते' हे मूळ अनुमान खरे ठरले काय? नाही ठरत. जोडणी करताना फ्री प्लेही नव्याने लावला गेला, आणि कदाचित दोष तेवढाच होता. बौद्ध तार्किक धर्मकीर्तींनी हा पेच पुरता ओळखला होता. एकाने मण्याची प्रभा पाहून आणि दुसऱ्याने दिव्याची प्रभा पाहून तोच मणी समजून धाव घेतली, तर ज्ञान दोघांचेही चुकलेले असते, कारण प्रभा म्हणजे मणी नव्हे. पण पहिल्याला मणी सापडतो आणि दुसऱ्याला सापडत नाही. फळ मिळाले म्हणून ज्ञान तंतोतंत यथार्थ होते असे यातून निघत नाही. परतःप्रामाण्याच्या सिद्धान्ताला येथे पुरवणी जोडणे भाग आहे: साफल्य हे संपूर्ण कृतीचे प्रामाण्य दाखवते, तिच्या पोटातील प्रत्येक निर्णयाचे नव्हे. प्रत्येक निर्णयाचा वेगळा पडताळा हवा असेल तर जुना भाग फेकून न देता मोजावा लागतो, नव्याशेजारी ठेवून पाहावा लागतो, आणि उघडण्यापूर्वी फ्री प्ले किती होता याची नोंद करून ठेवावी लागते. घाईने चालणाऱ्या कामात हे घडत नाही, कारण तिथे ज्याने निदान केले तो एक, ज्याने बोल्ट खोलले तो दुसरा आणि ज्याला पुढे तीच गाडी घाटात चालवायची तो तिसरा असतो. चुकीचे अनुमान या तिघांच्या मधल्या फटीत सहज लपते. स्वतःच्या हाताने दुरुस्ती करणाऱ्यात अनुमाता, कर्ता आणि फलभोक्ता एकच असतो. पैशाची बचत हा या कामाचा गौण लाभ म्हटला पाहिजे. ज्ञान, कृती आणि फळ यांच्यातील अंतर नाहीसे होणे हा मुख्य होय.

पण एकटेपणाचा धोकाही तितकाच खरा आहे. न्यायशास्त्र चर्चेचे तीन प्रकार मानते: सत्य शोधण्यासाठी होणारा वाद, जिंकण्यासाठी होणारा जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे खोडण्यासाठी होणारी वितंडा. वादाला प्रतिपक्ष लागतो, आणि गाडीखाली झोपलेल्या एकट्या माणसाला तो नसतो. नवी प्लेट आधीच विकत आणून ठेवलेली असली की आवाज बेअरिंगचा असला तरी त्याला दोष प्लेटचाच वाटू लागतो. आणलेली वस्तू वाया जाऊ नये म्हणून बुद्धी हेतू शोधते आणि वादाचा जल्प होतो. म्हणून पूर्वपक्ष, म्हणजे आपल्या निदानाविरुद्धची बाजू, त्याने स्वतःच, आणि तीही प्रबळ करून मांडली पाहिजे. ती मांडण्याची हक्काची जागा म्हणजे फेरजोडणी. नवी प्लेट तिच्या लांब तोंडाच्या बाजूने गिअरबॉक्सकडे वळवून, खोट्या दांड्याने मध्यावर आणून, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळत बसवली, तरी गिअरबॉक्स वर घेताना शेवटचा अर्धा इंच पुष्कळदा जात नाही. तेव्हा बोल्ट ओढून तो आत खेचण्याचा मोह होतो. बिडाचे कान तडकतात, प्लेटचा मध्य वाकतो, ते याच मोहापायी. हाताने न जाणारा तो अर्धा इंच म्हणजेच बाधक ज्ञान होय: प्लेट मध्यावर आहे हा समज खोटा आहे, असे लोखंड सांगत असते, आणि मीमांसकांच्या सिद्धान्तातही बाध आल्यावर पूर्वीचे ज्ञान सोडून देणे हाच नियम आहे.

या सर्वातून स्वतःप्रामाण्य आणि परतःप्रामाण्य या दोन्ही पक्षांचा निवाडा कोणत्या बाजूने लागतो, हे नैयायिकांनीच केलेल्या एका भेदाने बरेचसे स्पष्ट होते. वारंवार अनुभवाच्या स्थितीला ते अभ्यासदशा म्हणतात आणि नवखेपणाच्या स्थितीला अनभ्यासदशा. अभ्यासदशेत नवे ज्ञान पूर्वी खऱ्या ठरलेल्या ज्ञानाच्या जातीचे आहे हे पाहूनच त्याचे प्रामाण्य कळते, फळाची वाट पाहावी लागत नाही. मुरलेला मिस्त्री गाडी दारात येता येताच आवाजावरून बेअरिंग सांगतो तेव्हा ते स्वतःप्रामाण्य भासते, पण त्यामागे उघडून पाहिलेल्या असंख्य गिअरबॉक्सांचा पडताळा साठलेला असतो. घरी दुरुस्ती करणारा मात्र आयुष्यात हे काम मोजक्या वेळा करतो. तो अनभ्यासदशेतच असतो आणि म्हणून प्रामाण्याचा प्रश्न त्याला उघडावाघडा भेटतो. त्याला सुरुवात मीमांसकाप्रमाणे करावी लागते, कारण विश्वास टाकल्याशिवाय पहिला बोल्टच सुटणार नाही. आणि शेवट नैयायिकाप्रमाणे करावा लागतो, कारण पडताळ्याशिवाय त्याच्याजवळ दुसरा आधार नाही. दोन्ही मतांना एकाच कामात वाव मिळतो म्हणून ती तडजोड म्हणावी असे नाही. सुरुवातीचा विश्वास ही केवळ निघण्याची परवानगी असते, प्रामाण्य नसते, आणि या मुद्द्यावर न्यायपक्षच अधिक बळकट ठरतो.

तो पडताळाही एका फेरीत संपत नाही. ट्रान्स्फर केसचा टप्पा वरचा ठेवून, गाडी हातब्रेकवर धरून आणि तिसरा गिअर टाकून क्लच हळू सोडला असता इंजिन बंद पडले तर क्लच पकडतो आहे असे कळते. हीच परीक्षा खालच्या टप्प्यात घेतली तर क्लचवर येणारा भार इतका कमी असतो की घसरणारा क्लचही धडधाकट भासतो. शिवाय नवे अस्तर वापरात बसत जाते, तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, तिची बोटे बेअरिंगच्या जवळ येतात आणि पेडलचा फ्री प्ले आपोआप घटतो. दुरुस्तीच्या दिवशी बरोबर असलेले माप काहीशे किलोमीटरनंतर बरोबर राहत नाही, त्यामुळे ते पुन्हा तपासून नट पुन्हा फिरवावा लागतो, आणि त्यानंतरही अस्तर आहे तोवर ठरावीक काळाने हे काम करत राहावे लागते.